छत्तीस नंबरची दाढ आणि संगणकाची वही

दोघांचे पटत नसले, की त्यांच्यात 'छत्तीसचा आकडा' आहे असे आपण म्हणतो. ३ आणि ६ हे अंक एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दिसतात, त्यावरून हा वाक्प्रचार पडला. दंतवैद्याच्या लेखी मात्र छत्तीस म्हणजे भांडण नव्हे. ती आहे खालच्या जबड्यातली, डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. कोणताही दात पडून ती आलेली नसते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. 'पडणारच आहे, काय एवढे' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि ती किडते. पुढे सत्तर वर्षे जिने चावायचे, ती दहाव्या वर्षीच निकामी होण्याची वेळ येते.

अशा दाढा घेऊन येणाऱ्या रुग्णांची सोलापूरला वाण नाही. येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय असे आहे. पण गावात रिक्षावाल्याला 'सिव्हिल' म्हटले तरी पुरते. सोलापूर जिल्ह्यातून तर येथे माणसे येतातच, शिवाय धाराशिवकडून आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपुराकडूनही येतात. अशा मोठ्या रुग्णालयाच्या दंतविभागात रुग्णाच्या नोंदी कागदावरून संगणकात न्यायच्या म्हणजे नेमके काय करायचे? 'केसपेपर टाइप करायचा, त्यात काय विशेष?' असे एखाद्याला वाटेल. पण या कामात भाषा, गणित, वैद्यक आणि माणसाचा स्वभाव असे चारही विषय येतात. त्यांतले काही आज पाहू या.

प्रथम कागदाकडे वळू. पूर्वी प्रत्येक डॉक्टरची स्वतःची खतावणी असे. रुग्ण आज एकाकडे गेला, उद्या दुसऱ्याकडे गेला, तर त्याची हकिगत दोन वह्यांत विभागली जाई आणि कोणालाच पुरी कळत नसे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर या डॉक्टरने १९०७ साली यावर साधा पण फार मोठा उपाय काढला. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक द्यायचा आणि त्याचे सारे कागद त्या क्रमांकाच्या एकाच पाकिटात ठेवायचे. वही डॉक्टरची नव्हे, रुग्णाची! आज आपण ज्याला संगणकीय रुग्णनोंद म्हणतो, तिचा पाया हा आहे. संगणक नंतर आला.

दातांच्या नोंदीत आणखी एक अडचण असते. पोट एकच असते, हृदय एकच असते, दात बत्तीस. 'रुग्णाची दाढ दुखते' असे लिहून भागत नाही, कोणती दाढ ते लिहावे लागते. व्हिएन्नातील अडोल्फ झिग्मोंडी यांनी १८६१ साली त्यासाठी एक युक्ती काढली. कागदावर अधिकचे चिन्ह काढायचे. तोंडाचे चार भाग झाले. प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे १ ते ८ असे आकडे. १ व २ हे पटाशीचे दात, ३ सुळा, ४ व ५ उपदाढा, ६ व ७ मोठ्या दाढा आणि ८ अक्कलदाढ. एका दातापुरते लिहायचे झाले, तर आकड्याभोवती त्या कोपऱ्याच्या दोन रेषा ओढायच्या. हाताने लिहिताना ही पद्धत अतिशय सोयीची होती. पण टंकयंत्रावर कोपरा कसा काढणार? तारेने किंवा दूरध्वनीवरून तो कसा सांगणार?

म्हणून १९७० साली दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे एफडीआयने, दोन अंकी पद्धत स्वीकारली. पहिला अंक तोंडाच्या चतुर्थांशाचा, दुसरा दाताचा. रुग्णाच्या वरच्या उजव्या भागाला १, वरच्या डाव्याला २, खालच्या डाव्याला ३ आणि खालच्या उजव्याला ४. समोर उभ्या असलेल्या दंतवैद्याच्या नजरेतून हा क्रम घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. दुधाच्या दातांसाठी पुढचे चार अंक: ५, ६, ७, ८. नवी पद्धत शिकवायला सोपी हवी, बोलायला आणि छापायला सोपी हवी, आणि संगणकात घालता यावी, अशा अपेक्षा तेव्हाच मांडल्या गेल्या होत्या. त्या काळी आपल्याकडे संगणक पाहिलेला माणूस शोधावा लागे, हे लक्षात घेतले तर त्या मंडळींच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते.

येथे मराठी विद्यार्थ्यांसाठी एक गंमत सांगतो. हा क्रमांक 'छत्तीस' असा वाचायचा नसतो, 'तीन-सहा' असा वाचायचा असतो. त्याला सबळ कारण आहे. आपण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर: सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस. दंतवैद्याला आधी हवा असतो तो चतुर्थांश. शिवाय गर्दीत 'सव्वीस' आणि 'छत्तीस' यांत कानाची गफलत झाली, तर वरची दाढ आणि खालची दाढ यांची अदलाबदल होते. 'दोन-सहा' आणि 'तीन-सहा' यांत तशी भीती कमी.

आकडे एक असले तरी पद्धत एक असावी लागते. अमेरिकेत दात १ ते ३२ असे सलग मोजतात. तेथे १८ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची दुसरी मोठी दाढ. आपल्याकडे एक-आठ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. आकडा तोच, पण दात तोंडाच्या नेमक्या विरुद्ध कोपऱ्यातला! अमेरिकेत राहणाऱ्या मुलाकडे गेलेली सोलापूरची आजी तिकडचा कागद घेऊन परत आली, तर इकडच्या दंतवैद्याने आधी कोणती पद्धत ते विचारावे. संगणकात नोंद करताना नुसता '१८' कधीच साठवत नाहीत. तो कोणत्या पद्धतीतला १८ हेही सोबत साठवावे लागते.

आता थोडे गणित करू. संगणक सर्व माहिती ० आणि १ या दोन अंकांत साठवतो. अशा एका घराला बिट म्हणतात. पाच बिटांनी किती वेगळ्या गोष्टी दाखवता येतात? दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२. बरोबर बत्तीस दात! निसर्गाने हे संगणकासाठी मुद्दाम केलेले नाही, पण योगायोग मजेदार आहे खरा. दात किडला असे म्हणूनही भागत नाही, कोणत्या बाजूने किडला हे हवे असते. दाढ आणि उपदाढ यांना पाच बाजू धरतात: चावण्याची, गालाकडची, जिभेकडची, पुढच्या दाताला लागलेली आणि मागच्या दाताला लागलेली. समोरच्या दातांना चावण्याची सपाट बाजू नसते, म्हणून त्यांच्या चार. समोरचे १२ दात, प्रत्येकी ४ बाजू, झाल्या ४८. उरलेले २० दात, प्रत्येकी ५, झाल्या १००. एकूण १४८ बाजू. प्रत्येक बाजू 'चांगली' की 'किडलेली' एवढेच लिहायचे तर १४८ बिटे, म्हणजे जेमतेम १९ बाइट पुरतात.

१९ बाइट म्हणजे किती थोडे ते पाहा. आजच्या संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला साधारणपणे ३ बाइट लागतात. 'लक्ष्मीबाई' या नावात जोडाक्षरांचे पाय आणि काने-वेलांट्या धरून १० चिन्हे होतात. म्हणजे ३० बाइट. लक्ष्मीबाईंच्या साऱ्या तोंडाच्या किडीची नोंद त्यांच्या नावापेक्षा कमी जागेत मावते! पण त्यांच्या एका दाढेचे क्ष-किरण चित्र घेतले, की हिशेब पालटतो. दातांच्या क्ष-किरणांची नेहमीची फिल्म ३१ मिलिमीटर रुंद व ४१ मिलिमीटर लांब असते. एका मिलिमीटरात २० ठिपके धरले, तर ६२० गुणिले ८२०, म्हणजे ५,०८,४०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला करड्या रंगाच्या २५६ छटांपैकी एक द्यायची, तर १ बाइट लागतो. तेव्हा एका चित्राच्या जागेत अशा २६,७०० हून अधिक तोंडांच्या नोंदी मावतील. फ्रान्समधील दंतवैद्य फ्रान्सिस मुयाँ यांनी १९८० च्या दशकात फिल्मऐवजी विद्युत् संवेदक वापरून असे चित्र थेट पडद्यावर आणले. दवाखान्यात आज ज्याला 'आरव्हीजी' म्हणतात ते हेच. रुग्णालयांना मोठमोठ्या साठवण-यंत्रांची गरज पडते ती प्रामुख्याने चित्रांमुळे.

साठवणे सोपे, चुका पकडणे अवघड आणि अधिक मोलाचे. ०० ते ९९ या शंभर जोड्यांपैकी दातांचे खरे क्रमांक फक्त ५२ आहेत: ३२ कायमच्या दातांचे आणि २० दुधाच्या. कोणी घाईत ३९ किंवा ५६ टाइप केले, तर संगणक तत्काळ नकार देईल, कारण असे दातच नाहीत. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात ३८ नंबरची दाढ लिहिली, तर तो जन्मतारीख पाहून शंका काढील. अक्कलदाढ सातव्या वर्षी कुठली! जानेवारीत ४६ नंबरची दाढ काढल्याची नोंद आहे आणि मे महिन्यात कोणी तिच्यात चांदी भरल्याचे लिहिले, तर तो थांबवील. कागदही हे सांगू शकतो, पण जानेवारीचा कागद शोधून कोणी उघडला तरच.

मात्र ३६ च्या जागी ४६ लिहिले, तर यंत्राला काही कळत नाही. दोन्ही दाढा असतात, दोन्ही किडू शकतात. ही डाव्या-उजव्याची चूक सर्वांत भयंकर, कारण तिच्यामुळे चांगली दाढ उपटली जाऊ शकते. रुग्ण समोर बसलेला असतो, त्याची उजवी बाजू डॉक्टरच्या डाव्या हाताला येते, आणि तक्ताही तसाच उलटा काढलेला असतो. नवख्या विद्यार्थ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. त्यावरचा उपाय संगणकात नाही. चिमटा लावण्यापूर्वी पडद्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचायचा, क्ष-किरण चित्र पाहायचे आणि रुग्णाला बोट ठेवून दाखवायला सांगायचे. तीन साक्षीदार जुळले तरच पुढे जायचे.

सोलापुरात याहून वेगळी एक अडचण येते, ती नावांची. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. मराठी घरातला व्यंकटेश तेलुगू घरात वेंकटेश होतो. नोंदणीच्या खिडकीवर नाव इंग्रजी लिपीत टाइप केले जाते, तेव्हा लक्ष्मी हे नाव कोणी 'एक्स' घालून लिहितो, तर कोणी 'के-एस-एच' घालून. संगणक अक्षरशः वाचतो. त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका झाल्या. मग एकीचे क्ष-किरण चित्र दुसरीच्या नावावर कधी दिसतच नाही आणि प्लमरचे एक पाकीट पुन्हा फाटून दोन होतात.

यावर अमेरिकेत रॉबर्ट रसेल आणि मार्गारेट ओडेल यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९१८ च्या सुमारास, 'साउंडेक्स' नावाची पद्धत शोधली. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. लक्ष्मीची दोन्ही स्पेलिंगे त्या रीतीने 'एल-२५०' अशीच येतात. वेंकटेश आणि व्यंकटेश दोघेही 'व्ही-५२३' होतात. उत्तम! पण व्यंकटेशरावांनी आपले नाव 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'ने लिहिले, तर पहिले अक्षरच बदलते आणि युक्ती फसते. आपल्याकडे व साठी ही दोन्ही अक्षरे सर्रास चालतात. इंग्रजी उच्चारांवर बेतलेली ही पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही, हे उघड आहे. उलट बाजूचा धोका त्याहून मोठा. दोन निरनिराळ्या लक्ष्मीबाई एकच समजून जोडल्या गेल्या, आणि त्यांतल्या एकीला पेनिसिलिन सोसत नसेल तर? म्हणून यंत्राने फक्त 'या दोघी एकच असू शकतील' असे सुचवावे आणि वय, पत्ता विचारून निर्णय माणसाने घ्यावा. २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा अंकी 'आभा' क्रमांक याच कामासाठी आहे. नावाचे स्पेलिंग काहीही असो, क्रमांक एकच.

एवढा खटाटोप कशासाठी? दाढ किडली तर भरता येते, नाही तर काढता येते. पण दंतविभागात येणारे सारेच दाढेसाठी येत नाहीत. तंबाखू, मिश्री, सुपारी आणि गुटखा यांनी तोंडाचे जे होते, ते तेथे रोज दिसते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी सुपारी चघळणे थांबलेले नाही. सुपारीमुळे गालाच्या आतील नरम त्वचेखाली दोरखंडासारखे तंतू वाढतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. त्याची प्रगती मोजायला यंत्र लागत नाही. वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांतले अंतर पट्टीने मोजायचे. मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असते. आपलीच तीन बोटे उभी आत गेली पाहिजेत.

समजा, एका तरुणाचे तोंड आज ३६ मिलिमीटर उघडते. डॉक्टर म्हणतील, बरे आहे. पण वर्षापूर्वी ते ४१ होते आणि त्याआधी ४५, हे समोर दिसले तर तेच डॉक्टर खुर्चीतून पुढे सरकतील. ३६ हा आकडा एकटा मुका असतो. मागचे दोन आकडे जवळ आले की तो बोलू लागतो. कागदाच्या पद्धतीत हे मागचे आकडे रुग्णाच्या पिशवीत, घरच्या फडताळात किंवा पावसात भिजलेल्या पुडक्यात असतात. माझ्या मते दंतविभागात संगणक आणण्याचे सर्वांत भक्कम कारण हे आहे. बिले लवकर होतात, रांग लहान होते, हे सारे खरे. पण ते नंतर.

तोंडांच्या अशा नोंदी पद्धतशीर ठेवण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात डॉ. फली मेहता यांनी, डेन्मार्कचे डॉ. येन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने, खेडोपाडी जाऊन लोकांची तोंडे तपासण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांच्या तपासणीचा त्यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. तसेच सुमारे तीस हजार लोकांचा दहा वर्षे माग ठेवण्यात आला. दहा वर्षे त्याच माणसांना पुन्हा शोधून काढायचे! तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध आज आपण सहज सांगतो, त्यामागे असे नोंदींचे डोंगर आहेत.

आता दंतविभागातल्या रोजच्या कामाकडे वळू. डॉक्टरांच्या हातात मोजे असतात आणि त्यांना लाळ, रक्त लागलेले असते. त्या हातांनी कळफलकाला शिवणे म्हणजे एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याला देणे. म्हणून डॉक्टर सांगतो आणि दुसरा टिपतो: 'तीन-सहा, चावण्याची बाजू, किडलेली; तीन-सात ठीक.' अशा वेळी दुसरा माणूस हवा, आणि सरकारी रुग्णालयात नेमका तोच कमी असतो. बदलाच्या काळात तर कागदही लिहायचा आणि संगणकातही भरायचे, असे दुप्पट काम पडते. बाहेर रांग लागलेली, त्यात वीज गेली की सारे ठप्प. अशा स्थितीत कर्मचारी कुरकुरले तर त्यांना मागासलेले म्हणणे अन्यायाचे होईल. दोन्ही लिहिण्याचा हा काळ जितका आखूड, तितकी नवी पद्धत रुजण्याची शक्यता अधिक.

यंत्रावर विसंबण्याचा दुसरा धोकाही महाराष्ट्राने अनुभवला आहे. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'एचएमआयएस' नावाची संगणकप्रणाली अनेक वर्षे चालली होती. २०२२ च्या जुलैत ती बंद पडली आणि अनेक रुग्णालयांना पुन्हा हाताने लिहिलेल्या केसपेपरांकडे वळावे लागले. तेव्हा नोंद कोणत्या यंत्रात आहे यापेक्षा ती कोणत्या रूपात आहे, हे महत्त्वाचे. एका प्रणालीतली नोंद दुसरीला वाचता आली पाहिजे. केंद्र सरकारने २०१३ साली यासाठी मानके जाहीर केली आणि २०१६ साली ती सुधारली. कागदाचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो: शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाचायला चष्मा पुरतो.

आणि ही नोंद कोणी वाचायची? केसपेपर कपाटात होता तेव्हा तो पाहायला कपाटापर्यंत जावे लागे. संगणकातली नोंद दूर बसूनही उघडता येते. एखाद्याला तंबाखूचे व्यसन आहे, हे त्याच्या डॉक्टरला कळायला हवे. मालकाला किंवा सोयरीक जुळवणाऱ्याला नव्हे. २०२३ साली देशात व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. पण कायद्याबरोबर साधी शिस्तही लागते: प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा, आणि कोणी, केव्हा, कोणाची नोंद उघडली याचीही नोंद.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गात हा प्रयोग करून पाहा. शिक्षकांच्या मदतीने प्रत्येकाने कागदावर अधिकचे चिन्ह काढून आपल्या दातांचा तक्ता करावा. हात स्वच्छ धुवा आणि उजेडात आरशासमोर उभे राहा. लक्षात ठेवा, आरशात आपली उजवी बाजू उजवीकडेच दिसते, दंतवैद्याला ती डावीकडे दिसते; तक्ता भरताना बाजू उलटवावी लागेल. किडलेले, काढलेले आणि भरलेले कायमचे दात मोजा आणि त्यांची बेरीज करा. क्लाइन, पामर आणि नट्सन यांनी १९३८ साली सुचवलेला, जगभर वापरला जाणारा दंतक्षय-निर्देशांक हाच. तक्त्यावर नाव न घालता फक्त क्रमांक घाला आणि कोणाचा क्रमांक कोणता, ही यादी शिक्षकांकडे बंद पाकिटात ठेवा. सर्वांच्या बेरजांची सरासरी काढा. सहा महिन्यांनी त्याच क्रमांकांवर पुन्हा तपासणी करा. पहिल्या खेपेला ३६ आणि ४६ या दाढांवर काळा ठिपका कोणाकोणाला दिसला, ते वेगळे लिहून ठेवा आणि अशांनी सहा महिने न थांबता दंतवैद्याकडे जावे. तेरा-चौदा वर्षांचे असूनही कोणाच्या तोंडात ५५ किंवा ६५ नंबरचा दात सापडला, तर तो अजून न पडलेला दुधाचा दात आहे. तोही तक्त्यात नोंदवा.